कुलूप शाबूत होतं

मी एक कुलूप आहे आणि स्वभावानं हेवेखोर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्हाला नवल वाटणार नाही. कुलपानं मन मोठं ठेवावं असं मला कुणी शिकवलं नाही. एक किल्ली ओळखायची आणि बाकी सगळ्यांना नाही म्हणायचं, एवढंच शिकवलं. ज्याला जन्मभर नाहीच म्हणायचं असतं, त्याच्या पोटात थोडं आंबट साठणारच.

जन्म माझा अलीगढचा. ज्या कारागिरानं माझं पितळ कानशीनं घासलं, तो प्रत्येक कुलूप कानाशी धरून किल्ली फिरवायचा आणि खटका ऐकायचा. माझा खटका ऐकून तो शेजारच्याला म्हणाला, "ये वाला बोलता है." मी फुगलो. पण त्याच दुपारी माझ्या बाजूचं थोरलं कुलूप कुठल्याशा खजिन्याच्या दाराला गेलं आणि मी पेंढ्याच्या खोक्यात बनारसला आलो. पहिला हेवा मला त्या दिवशी वाटला.

ठठेरी बाजारातल्या दुकानात मी टांगलेला होतो. वेणीमाधवकाका आले, त्यांनी मला हातात घेऊन तोललं, दुकानदाराशी बनारसी हिंदीत घासाघीस केली आणि स्वतःशी मराठीत म्हणाले, "वजन बरं आहे." मला त्यांचा तो स्वर आवडला.

दुर्गाघाटाच्या गल्लीत मराठी मंडळींचा एक पोथीसंग्रह आहे. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी आपल्याकडच्या पोथ्या तिथं आणून ठेवल्या. त्या सांभाळायचं काम वेणीमाधवकाकांचं. राहायचे ते दूधविनायकला. रोज सकाळी गंगेवर स्नान करून, कपाळावर ओलं गंध घेऊन यायचे आणि मला उघडायचे. मी पोथ्यांच्या खोलीच्या दाराला होतो.

ते दिवस चांगले होते. दूरदूरचे पंडित यायचे, ओसरीत बसून काकांची वाट बघायचे. काका मला काढून कोयंड्याला अडकवायचे, आत जायचे, लाल बासनात बांधलेली पोथी छातीशी धरून बाहेर आणायचे. गाठ सोडायची ती त्यांनीच. कुणाला एखादं अक्षर लागलं नाही की काका चष्मा कपाळावर सरकवून वाचून दाखवायचे. पंडित मान डोलवायचे. मला वाटायचं, ह्या मानातला थोडा वाटा माझा आहे.

मग सत्त्याण्णव साली ते यंत्र आलं.

संग्रहाचे अध्यक्ष यज्ञेश्वरशास्त्री. बाणेदार, करारी माणूस. त्यांनी दिल्लीला खेटे घालून सरकारी अनुदान मिळवलं होतं. पोथ्यांच्या पानांची चित्रं यंत्रात भरायची आणि जगात कुणालाही ती घरबसल्या बघता येतील असं करायचं, अशी ती योजना. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून हमालांनी खोकी डोक्यावरून आणली. गच्चीवर एक भलंमोठं ताट आकाशाकडे तोंड करून बसवलं. त्याची तार माकडं चावायची, म्हणून ती पुढं लोखंडी नळीत घातली.

यंत्र सांभाळायला मालविका आली. दूधविनायकचीच मुलगी, इंजिनिअर झालेली, काकांच्या घरी लहानपणापासून जाणारी. तिच्या हाताखाली प्रोग्रॅम लिहायला देवव्रत होता. तो ब्रह्मघाटावरचा. घरात मराठी बोलायचा, पण घाईत आला की हिंदीत शिरायचा.

शास्त्रीबुवांनी फर्मावलं, "संग्रहातलं सगळ्यात चांगलं कुलूप त्या खोलीला लावा." म्हणजे मी. पोथ्यांच्या दाराला एक जुनं लोखंडी कुलूप लागलं आणि मला यंत्राच्या दाराला नेलं. मला वाटलं, बढती झाली. माझी एक किल्ली काकांच्या जानव्याला आणि दुसरी शास्त्रीबुवांच्या पेटीत. खोली रोज उघडायची आणि बंद करायची जबाबदारी काकांचीच राहिली.

बढतीचा आनंद फार टिकला नाही. आतल्या यंत्रासाठी एसी. यंत्राला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर. बिजली गेली की पहिली धावपळ यंत्राची. जेठाच्या उन्हात मी असा तापायचो की काका मला पंच्याच्या टोकानं धरायचे, पण कुलपाला गरम होतं का, हे कुणी विचारलं नाही. दार उघडलं की मी कोयंड्याला लटकून आत बघत बसायचो. माणसं यायची, थेट त्या पडद्यापुढं बसायची. पोथीचं पान पडद्यावर आलं की "वा, वा!" करायची. पान काकांनी सांभाळलेलं, कौतुक मात्र पडद्याचं.

काका ओसरीतल्या खुर्चीवर वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले असायचे. एकदा बडे पाहुणे आले. शास्त्रीबुवांनी यंत्र दाखवलं, देवव्रतची ओळख करून दिली, ताट दाखवायला गच्चीवर नेलं. जाताना पाहुणे काकांना म्हणाले, "आप यहाँ चौकीदार हैं?" काका हसले आणि म्हणाले, "जी, समझ लीजिए." पाहुणे गेल्यावर त्यांनी मला लावलं आणि लागलोय का, ते दोनदा ओढून बघितलं. आमचं दोघांचं दुखणं एकच होतं.

काका ते लपवतही नसत. चारचौघांत बोलायचे, "पोथी हातात घ्यायची असते. ही मशीन म्हणजे पोथीचं भूत आहे." हे वाक्य पुढं त्यांना फार महागात पडलं.

एका सकाळी देवव्रत दारातल्या काकांना म्हणाला, "काका, जरा तोंड तिकडं करा ना. पासवर्ड टाकतोय."

"ते काय असतं?"

"मशीनचं कुलूप. न दिसणारं. आम्हालाच ठाऊक असलेला एक शब्द."

मी कोयंड्यावर ताठ झालो. म्हणजे ज्या दाराला मी होतो, त्याच्या आत आणखी एक कुलूप होतं! त्याला ना पितळ, ना वजन, ना गंज. ते उघडताना माणसं एकमेकांकडं पाठ फिरवत, इतका त्याचा मान. मला उघडताना कुणी कधी पाठ फिरवली नव्हती. त्या दिवसापासून मी त्या शब्दाचा हेवा करू लागलो. तो कोणता शब्द होता, हे मला आजही माहीत नाही.

पुढच्या वर्षी देवव्रतनं एक नवी करामत केली. संग्रहाचं जे पान जगभर दिसायचं, त्यावर त्यानं एक खिडकी ठेवली. 'पोथी पाठवा' असं तिचं नाव. ज्यांच्या घरी जुन्या पोथ्या असतील, त्यांनी पानांची चित्रं तिथून पाठवायची, की ती आपोआप इथल्या यंत्रात येऊन बसायची. तंजावरहून, बडोद्याहून, कुठून कुठून पानं येऊ लागली. शास्त्रीबुवा खूष झाले. देवव्रतच्या पाठीवर थाप पडली.

मालविकानं एकदाच विचारलं होतं. मी तिथंच लटकलेलो होतो. "देवव्रत, येतं ते चित्रच आहे, हे तू बघतोस का?"

"ताई, पोथीचे फोटोच तर येणार. और क्या भेजेंगे लोग?"

"तरी बघ एकदा. राहिलं असं नको व्हायला."

"करतो, करतो. हो जाएगा." मग शास्त्रीबुवांनी हाक मारली, आणि ते राहिलं.

त्याच सुमारास मालविकानं काकांना यंत्राकडं वळवलं. काकांच्या वडिलांनी मराठीत पदं रचली होती, गंगेची, घाटांची, दूधविनायकच्या मुलांना म्हणायला सोपी. त्यांच्या हातची एकच वही काकांच्या घरी होती. तिला वाळवी लागली होती. पान उलटावं तर चुरा पडत होता. मालविका ओसरीत त्यांच्या पायाशी बसून म्हणाली, "काका, राग माझ्यावर काढा. मशीनवर काढा. पण ही पानं जायच्या आधी मला द्या."

काका खूप दिवस टाळत राहिले. मग एका सकाळी वही नव्या बासनात बांधून घेऊन आले. मालविकानं चिमट्यानं एकेक पान उचलून त्याचं चित्र घेतलं. काका दारात उभे, माझ्यावर हात ठेवून. शेवटचं पान झाल्यावर जो चुरा उरला, तो त्यांनी रीतीप्रमाणे गंगेत सोडला. परत येऊन मला लावताना पुटपुटले, "आता तूच सांभाळ रे बाबा." त्या क्षणी मी यंत्राचा हेवा विसरलो. जन्मात पहिल्यांदा मला कुणी कामाला लावल्यासारखं नव्हे, भरवशानं काही सोपवल्यासारखं बोललं होतं.

मी सांभाळलं. हे मला ठासून सांगायचं आहे. माझ्या अंगावर ओरखडा नाही. माझ्या तोंडात काकांच्या किल्लीखेरीज कधी काही गेलं नाही. आणि तरी चोरी झाली.

दिवाळी उलटून गेली होती. मालविका मावसबहिणीच्या लग्नाला नागपूरला गेली होती. सकाळी काकांनी मला उघडलं, देवव्रत आत गेला, आणि त्यानं "अरे!" केलं, ते मी अजून विसरलो नाही. पडद्यावर संग्रहाचं पान नव्हतं. काळ्या पाटीवर इंग्रजीत कुणीतरी फुशारकी मारून ठेवली होती. आतली चित्रं पुसून टाकलेली. जुन्या चित्रांच्या नकला मालविकानं सीडीच्या तबकड्यांवर काढून ठेवल्या होत्या. पण अलीकडच्या महिन्यांतल्या पानांच्या तबकड्या करायच्या होत्या, त्या राहिल्या होत्या. काकांच्या वडिलांची वही त्यातच होती.

शास्त्रीबुवा आले. त्यांनी पडदा बघितला, मग दाराशी येऊन मला हातात घेतलं. उलटसुलट केलं. चष्म्याच्या भिंगातून माझं तोंड तपासलं. विश्वस्त मंडळींपैकी दोघांनी मला आळीपाळीनं खेचून पाहिलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. इतक्या लोकांनी इतकं लक्ष देऊन मला कधी बघितलं नव्हतं. ते सगळे मिळून काय ठरवत आहेत, हे मला उशिरा कळलं.

"कुलूप शाबूत आहे," शास्त्रीबुवा म्हणाले. "खिडकीचे गज शाबूत आहेत. देवव्रत, हे बाहेरून होऊ शकतं?"

देवव्रतचा चेहरा उतरला होता. तो खाली बघून म्हणाला, "आतूनच कुणीतरी केलं असेल, शास्त्रीजी."

सगळ्यांच्या नजरा काकांच्या जानव्याकडं गेल्या.

"वेणीमाधव," शास्त्रीबुवांचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "तुम्हाला ही मशीन कधीच नको होती."

"नको होती," काका म्हणाले. "राग होता मला तिचा. नाही म्हणत नाही."

"मग?"

"मग काय, शास्त्रीबुवा? तिच्यात माझे वडील होते."

शास्त्रीबुवांना त्या वहीची गोष्ट माहीत नव्हती. त्यांना वाटलं, म्हातारा काहीतरी आडवंतिडवं बोलतोय. त्यांनी हात पुढं केला. काकांनी जानव्याची गाठ सोडली, किल्ली त्यांच्या तळहातावर ठेवली आणि चपला न घालताच गल्लीत उतरले. मला ओरडायचं होतं. पण माझा खटका किल्लीशिवाय वाजत नाही, आणि किल्ली आता दुसऱ्याच्या मुठीत होती.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दूधवाला पानवाल्याला सांगत होता, "पंडितजी ने ही मिटाया है. जलते थे मशीन से." मी दाराला लटकून ऐकत होतो. जळत तर मीही होतो. पण जळणं वेगळं आणि पुसणं वेगळं, हे त्यांना कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी अन्नपूर्णाकाकू आल्या. काकांच्या पत्नी. एरवी संग्रहात पाऊल टाकायच्या नाहीत. त्या ओसरीत आल्या, पदर खोचला, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि शास्त्रीबुवांच्या समोर टेबलावर आपटला.

"हे काय, वहिनी?"

"आमच्या घरच्या. ही कोठीची, ही देवघराची, ही माझ्या पेटीची. ह्यांच्याकडची एक किल्ली घेतलीत ना काढून? मग ह्या पण ठेवा. कधीही या आणि बघा, आमच्या घरात तुमचं काय सापडतं ते."

"वहिनी, तसं नाही—"

"तसंच आहे. कालपासून माणूस जेवलेला नाही. भिंतीकडे तोंड करून पडून आहे. जन्मभर ह्या पोथ्यांच्या उशाला बसला, तेव्हा तुम्ही कुलूप नाही बघितलंत. माणूस बघत होतात." काकू वळल्या आणि तरातरा निघून गेल्या.

जुडगा टेबलावरच राहिला. मला त्या कोठीच्या, देवघराच्या, न पाहिलेल्या कुलपांचा हेवा वाटला. त्यांच्या किल्ल्या अशा बाईच्या कमरेला असतात, जी भांडायला उभी राहते.

मालविका नागपूरहून आली ती सामान घरी टाकून सरळ इकडं. यंत्रापुढं बसली आणि खिडकीतून आलेल्या वस्तू एकेक करून बघू लागली. पुसणाऱ्यानं पोथ्यांची चित्रं पुसली होती, पण स्वतःची एक वस्तू तिथंच विसरून गेला होता. ते चित्र नव्हतं, हे नावावरूनच कळत होतं.

"देवव्रत, इकडं ये. हे काय आहे?"

देवव्रत तिच्या मागं उभा राहिला.

मग शास्त्रीबुवांना बोलावून तिनं समजावलं, ते मी ऐकलं, आणि तिनं इतकं सोपं सांगितलं की मलाही कळलं. "शास्त्रीकाका, समजा कुणी बासनात काहीतरी गुंडाळून आणलं आणि म्हणालं, पोथी आहे. आपण गाठ न सोडता ते कपाटात ठेवलं. आत पोथी नव्हती, हुकूम होता: ह्या घरातलं सगळं जाळून टाका. तेवढ्यानं काही बिघडलं नसतं. पण आपलं कपाट असं, की त्यात ठेवलेलं कुणी बाहेरून मागितलं, की आपलाच नोकर ते वाचतो आणि त्यातला हुकूम पाळतो. आमची खिडकी काहीही आत घेत होती, आणि मशीन त्यातलं सांगितलेलं करत होती. दाराशी कुणी आलंच नाही. येण्याची गरजच नव्हती."

शास्त्रीबुवांनी मान हलवली. "हे तू वेणीमाधवच्या मायेपोटी बोलतेस. कुलूप न उघडता आतली वस्तू हलेल, हे मला पटत नाही."

"मग पटवून देते. आत्ताच. खोलीला कुलूप लावा, किल्ली तुमच्या मुठीत ठेवा. मंडळींना बोलवा. ह्या खोलीच्या खिडकीचा पडदा बाजूला करून गजांतून मशीनकडं बघत बसा. मी गोदौलियाला जाते, तिथल्या इंटरनेटच्या दुकानात. ती फट मी अजून बुजवलेली नाही."

ती गेली. शास्त्रीबुवांनी स्वतः मला लावलं. मंडळी गजांपाशी दाटीनं उभी राहिली. देवव्रत भिंतीला टेकून होता. माझं तोंड ओसरीकडं, पाठ खोलीकडं. म्हणजे ज्या तमाशासाठी सगळे जमले होते, तो फक्त मलाच दिसणार नव्हता. काय वाटलं असेल मला, तुम्हीच बघा.

बराच वेळ काही झालं नाही. कुणीतरी जांभई दिली. एकजण म्हणाला, "चला, पोरीला घरी पाठवा." तेवढ्यात माझ्या पाठीमागं, बंद खोलीत, घर्रर्र असा आवाज झाला.

मला दिसले ते चेहरे. शास्त्रीबुवांच्या भुवया वर गेल्या आणि तिथंच राहिल्या.

"अरे, जीभ बाहेर काढली की मशीननं!" कुणीतरी ओरडलं. तबकडी ठेवायचा यंत्राचा कप्पा आपोआप बाहेर आला होता. पुन्हा घर्रर्र, आत गेला. पुन्हा बाहेर. खोलीत चिटपाखरू नव्हतं. शास्त्रीबुवांनी मूठ उघडून बघितलं. किल्ली तिथंच होती, घामानं भिजलेली.

त्या वेळी मला जे वाटलं ते कुणाला सांगू? वर्षानुवर्षं मी चोराची वाट बघत होतो. हातोडा घेऊन येईल, करवत घेऊन येईल, मी त्याला दाद देणार नाही, माझं पितळ वाकेल पण तोंड उघडणार नाही, अशी स्वप्नं मी बघितली होती. आणि चोर आला तो माझ्याकडं न बघता. त्यानं मला तोडण्याच्याही लायकीचा मानलं नव्हतं. फोडलेल्या कुलपांचा हेवा वाटणारं कुलूप तुम्ही कधी पाहिलंय का?

देवव्रत पुढं आला. "शास्त्रीजी, गलती मेरी है," तो म्हणाला, आणि मग मराठीत, "आतून कुणीतरी केलं असं मी म्हणालो, तेव्हाच मला शंका होती. ताईंनी बघ म्हणून सांगितलं होतं. मी घाबरलो. काकांचं नाव पुढं आलं आणि मी गप्प बसलो."

शास्त्रीबुवा वळले. टेबलावरचा जुडगा त्यांनी उचलला आणि स्वतः दूधविनायकला गेले. तिथं काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, मी दारातून हललो नव्हतो. पण ऊन उतरायच्या आत काका, काकू आणि शास्त्रीबुवा ओसरीत आले. मालविकाही गोदौलियाहून परतली होती. काकांची दाढी वाढली होती.

शास्त्रीबुवांनी माझी किल्ली दोन्ही हातांत धरून पुढं केली. त्या करारी माणसाची मान खाली होती. "वेणीमाधवराव, ही तुमची."

काकांनी किल्लीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "नको," ते म्हणाले. "किल्ली घेतली की तिच्याबरोबरचा संशय पण घ्यावा लागतो. ह्या वयात दोन्ही उचलवत नाही."

"मग मी काय करू?"

"दार उघडा. मला ती मशीन बघू द्या."

शास्त्रीबुवांनी मला उघडलं. काका त्या खोलीत पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत गेले आणि यंत्रापुढं बसले. "माझे वडील कुठं होते, ते दाखव," मालविकाला म्हणाले.

तिनं एक जागा दाखवली. "इथं."

"रिकामी आहे."

"हो, काका." ती जवळ सरकली. "पदं तुम्हाला पाठ असतील ना? आपण पुन्हा उतरवून घेऊ."

"पदं पाठ आहेत गं. अक्षर कुठं पाठ असतं?"

ते त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून बसले. मग काकाच म्हणाले, "मला ह्याचा हेवा वाटायचा, मालविका. माणसं माझ्याकडं यायची, ती ह्याच्याकडं जायला लागली. पण बघ, ह्याला तर घरात कोण शिरलं हेही कळलं नाही. बिचारं." आणि त्यांनी यंत्राच्या डोक्यावर हात ठेवला, जसा माझ्यावर ठेवायचे तसाच. सगळे डोळे पुसत होते. मी मात्र तो हात बघत होतो.

देवव्रतनं खिडकी नव्यानं बांधली. आता तिच्यात एक पहारेकरी होता, असं मालविका म्हणायची. आलेल्या वस्तूचं नुसतं नाव वाचून तो फसत नसे, तिची गाठ सोडून बघे. चित्र नसेल तर दारातूनच परत. चित्र असेल तर त्याला नवं नाव देई आणि अशा कोठडीत ठेवी, जिथलं काही बघता येतं, पण जिथला कुठलाही हुकूम कुणी पाळत नाही. शिवाय रोजच्या रोज तबकडी, कितीही घाई असली तरी. ते काम काकांनी मागून घेतलं. तबकडी बासनात बांधून ते पोथ्यांशेजारी ठेवू लागले.

मला त्या पहारेकऱ्याचा हेवा वाटला, आणि हा हेवा आधीच्या सगळ्यांहून खोल होता. मी किल्ली ओळखतो, माणूस ओळखत नाही. किल्ली चोराच्या हातात असली तरी मी उघडतो, धन्याच्या हातात नसली तर धन्यालाही अडवतो. त्याला विचारता येतं, कोण रे तू, काय आणलंयस, दाखव.

हिवाळ्यात बडोद्याच्या एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं. चोरीच्या आधी त्यांनी जगभर दिसणाऱ्या त्या पानावरून काकांच्या वडिलांच्या वहीची काही पानं आपल्या यंत्रात उतरवून घेतली होती, नातीला पदं शिकवायला. ती त्यांनी खिडकीतून पाठवली, तर नव्या पहारेकऱ्यानं परत पाठवली! चित्र भलत्याच प्रकारात होतं. देवव्रतनं त्यांना फोन करून नीट कसं पाठवायचं ते सांगितलं आणि पानं आली. सगळी नव्हती. थोडीच, तीही वाळवीनं कुरतडलेली. काका पडद्याला नाक लावून बसले आणि एका अक्षरावर बोट ठेवून काकूंना म्हणाले, "हे बघ, 'गं'वरचं टिंब ते असंच द्यायचे, उडतं." काकूंनी चष्मा नसतानाही हो म्हटलं.

पुढं अनुदान देणाऱ्यांनी यंत्र मोठ्या शहरात हलवलं. तिथं म्हणे एका थंड दालनात शेकडो यंत्रं एकत्र राहतात. खोली रिकामी झाली, तिथं वाचायला येणाऱ्यांसाठी चटया अंथरल्या. वाचनाच्या खोलीला कुलूप नको, असं काकाच म्हणाले. त्याच सुमारास घाटावरचा नावाडी विष्णू मल्लाह, त्याची नाव कुणीतरी सोडून नेली होती, ती पार शेवटच्या घाटाच्या खाली सापडली. तो काकांकडं आला, आणि काकांनी मला त्याच्या हातात दिलं.

आता मी त्याच्या नावेच्या साखळीत आहे. पाण्यानं माझ्या पितळाला हिरवट डाग पडलेत. शेजारच्या नावा नुसत्या दोरीनं बांधलेल्या असतात, आणि त्या गाठींचाही मला हेवा वाटतो, कारण त्या ओल्या झाल्या की आणखी घट्ट होतात. मी मात्र आतून गंजतो. स्वभाव काही सुटत नाही.

पण तुम्ही, जे न दिसणारी दारं बांधता, त्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या दारात जो उभा कराल, त्याला बोलायला तोंड द्या. येणाऱ्याला अडवून विचारायची, गाठ सोडून बघायची मुभा द्या, आणि घाई आहे म्हणून त्याला गप्प बसवू नका. आणि कधी काही गेलंच, तर आधी किल्लीवाल्याच्या जानव्याकडं बघू नका.

विष्णू पायऱ्या उतरतोय. मागं कुणी यात्रेकरू आहेत, मराठी बोलताहेत. त्याची किल्ली माझ्या तोंडात नीट बसत नाही हल्ली, दोनदा हिसडावी लागते. तो शिव्या देईल. देऊ दे. मी उघडीन.